दुसरी भट्टी

मेहुणा मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी वारला. हृदय बंद पडून. तशी नोंद आहे, नोंदीखाली तीन सह्या आहेत आणि अधीक्षकांचा गोल शिक्काही आहे, थोडा तिरका.

बुधवारी वरून हुकूम आला की या तुरुंगात कैद्यांवर औषधाचा कुठलाही प्रयोग झालेला नाही. जो प्रयोग झालाच नाही त्यात माणूस मरणार कसा? तेव्हा वरचा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं. कोणी मेलेलं नाही, कोणाला धक्का लागलेला नाही, आणि पुढेही कोणाला काही होणार नाही. आता गोष्ट.

तुरुंगाच्या मागच्या अंगाला कपडे धुण्याची भट्टी होती. खाली जाळ आणि वर माणूस उभा मावेल एवढा लोखंडी हंडा. ती चालवणाऱ्या कैद्याला सगळे भट्टीवाला म्हणत. आईबापांनी त्याचं काही वेगळं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त हजेरीलाच निघायचं.

भट्टीवाला आत आला होता तो रोड रोलर चोरल्याबद्दल. त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, तोही त्याच गुन्ह्यात. चोरी झकास झाली, घोटाळा झाला तो पळ काढताना. रोलर ताशी चार किलोमीटरच्या वर जाईना. पोलीस मागे धावला नाही, चालत आला, आणि तेही मधे थांबून बुटाची नाडी बांधून. मग रोलरच्या बाजूने चालता चालता त्याने दोघांचे जबाब घेतले, आणि ठाणं वाटेवरच असल्यामुळे रोलर तिकडेच वळवायला सांगितला. कोर्टात भट्टीवाल्याने शपथेवर सांगितलं की डोकं मेहुण्याचं. त्यामुळे त्याला पाच वर्षं पडली आणि मेहुण्याला, सूत्रधार म्हणून, आठ.

बायको दर महिन्याला भेटीला यायची. जाळीपलीकडे बसून पहिली दहा मिनिटं भावाशी बोलायची आणि उरलेली दोन नवऱ्याशी. त्या दोन मिनिटांत ती एकच गोष्ट सांगायची. "माझा भाऊ तुमच्या भरवशावर त्या गाडीवर चढला होता. तो धडधाकट बाहेर आला नाही, तर तुम्हीही येऊ नका. इथे तुमचं बरं चाललंय." भट्टीवाल्याची सुटका चार महिन्यांवर आली होती, त्यामुळे हा मुद्दा आता नुसता बोलण्यापुरता राहिला नव्हता.

अशात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्याबरोबर एका कंपनीचं नवं औषध आलं. औषध पश्चात्तापाचं होतं. म्हणजे ते घ्यायचं आणि आपण केलेल्या कर्माचं वाईट वाटून घ्यायचं. पूर्वी याच कामासाठी लोक म्हातारपणाची वाट बघत. गोळ्या दिल्या तर कैदी त्या जिभेखाली धरतात आणि नंतर बिडीच्या बदल्यात विकतात, म्हणून कंपनीने औषध कापडाच्या पट्टीत भरलं होतं. पट्टी शर्टाच्या कॉलरला आतून शिवायची. मानेला घाम आला की औषध कातडीतून आत आणि माणूस सुधारला.

वीस कैदी स्वखुशीने हवे होते. दहांच्या पट्टीत औषध, दहांच्या पट्टीत काहीच नाही, आणि कोणाच्या गळ्यात काय आहे ते फक्त बाईंच्या वहीत. बदल्यात शिक्षेत सहा महिन्यांची सूट. मेहुण्याने हात वर केला तेव्हा प्रश्न अजून विचारून व्हायचा होता. त्याला सातवा नंबर मिळाला.

बाईंची एकच अट होती. पट्टीचे शर्ट इतर कपड्यांत मिसळायचे नाहीत आणि गरम पाण्यात घालायचे नाहीत, कारण उकळलं की औषध पट्टी सोडून पाण्यात उतरतं. ते दुसऱ्या भट्टीत, गार पाण्यात, वेगळे धुवायचे. अधीक्षकसाहेब म्हणाले, काही अडचण नाही, आमच्याकडे दुसरी भट्टी आहे.

आणि ती होतीच. तीन वर्षांपूर्वी तिची खरेदी झाली होती, बसवणी झाली होती, दरवर्षी पाहणी होत होती. दोनदा ती बिघडली आणि दोनदा दुरुस्त झाली. यंदा तिला गंजरोधक रंगसुद्धा दिला होता. हे सगळं नोंदवहीत. प्रत्यक्षात पहिल्या भट्टीशेजारी एक मोकळा चौथरा होता आणि त्यावर फाटकावरचा हवालदार आपले मोजे वाळत घालायचा. भट्टीवाल्याने दुसरी भट्टी मिळावी म्हणून आजवर एकतीस अर्ज केले होते. प्रत्येक अर्ज एकाच शेऱ्यासह परत आला होता: "सदर भट्टी सुस्थितीत कार्यरत आहे. ती नीट वापरावी."

त्यामुळे पट्टीचे शर्ट पहिल्याच सोमवारी इतर कपड्यांबरोबर खदखदा उकळले. बाई दर रविवारी नवी पट्टी शिवून घ्यायच्या आणि सोमवारी तीही उकळायची.

आता भट्टीची एक रीत असते. गरम पाणी फेकायचं नाही. पाणी तापवायला लाकूड लागतं, लाकूड मोजून मिळतं. म्हणून कैद्यांचे कपडे उकळून गार पाण्यात खंगाळायला टाकले की हंड्यातल्या त्याच पाण्यात खळ शिजवायची, आणि त्या खळीत कडक कपडे बुचकळायचे. कडक कपडे म्हणजे साहेबांचे, हवालदारांचे, डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट, साहेबांच्या घरच्या उशांचे अभ्रे. कैद्याच्या शर्टाला खळ घालायचा नियम नाही. तो स्वतःच पुरेसा ताठ असतो असं सरकारचं मत आहे.

थोडक्यात, औषध कैद्यांच्या कॉलरमधून पाण्यात गेलं, पाण्यातून खळीत आणि खळीतून साहेबांच्या मानेला.

पहिला लागण झालेला माणूस फाटकावरचा हवालदार. तिसऱ्या आठवड्यात तो एका खिसेकापूला बाजूला घेऊन म्हणाला की गेल्या वर्षी तुझ्या पार्सलमधली बिस्किटं मी खाल्ली, क्रीम चाटून बाकीची परत ठेवली. खिसेकापू रात्रभर झोपला नाही. मग मुख्य कारकून जेवता जेवता हुंदके देऊ लागला. साहेबांनी तर सकाळच्या परेडला सगळ्या कैद्यांसमोर कबूल केलं की वार्षिक क्रीडा स्पर्धेत त्यांनी चमचा-लिंबूत लिंबू अंगठ्याने धरलं होतं. त्यांच्या आवाजात असा कंप होता की दोन दरोडेखोरांनी त्यांना पाणी आणून दिलं.

वीस स्वयंसेवक मात्र होते तसेच. बाई रोज एकेकाला बसवून विचारायच्या, केल्याचं वाईट वाटतं का. मेहुण्याचं उत्तर ठरलेलं: "वाईट वेगाचं वाटतं, मॅडम. बाकी योजना चोख होती."

भट्टीवाल्याला गोम कळायला वेळ लागला नाही, कारण दिवसभर त्याचे हात कोपरापर्यंत खळीत असत. एका दुपारी चादरी पिळताना त्याला अचानक कोर्टातली शपथ आठवली. रोलरची कल्पना मेहुण्याची नव्हतीच. ती त्याची होती, शंभर टक्के. मेहुणा त्या दिवशी फक्त डबा द्यायला आला होता. त्याची तीन वर्षं जास्तीची होती ती भट्टीवाल्यामुळे, आणि ती कमी करायलाच तो पट्टी लावून फिरत होता.

हातातली चादर तशीच टाकून तो बराकीत गेला आणि मेहुण्यासमोर सगळं ओकून मोकळा झाला. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याचा चेहरा उतरला.

"दाजी," तो म्हणाला, "आयुष्यात माझ्या नावावर एक अक्कल होती. तेवढीही काढून घेता?"

भट्टीवाला म्हणाला, अरे, मी तुझी माफी मागतोय.

"मागू नका. आत मला सगळे सूत्रधार म्हणतात. पाणी भरायला पुढे जागा देतात. तुमची कल्पना म्हणे." तो कुशीवर वळला. "तुम्हाला साधं घड्याळ चोरायचं सुचलं नसतं."

चार दिवस तो दाजींशी बोलला नाही.

इकडे कंपनीची पत्रं येऊ लागली. दोन महिन्यांत विसांपैकी एकाही कैद्याला तीळभर वाईट वाटलेलं नव्हतं. आणि बाईंना मात्र स्वतःच्या कोटात रोज रडू यायचं, ते त्यांनी हवामानावर ढकललं होतं. कंपनीचं म्हणणं, मात्रा कमी पडतेय. पूर्ण मात्रा द्या, म्हणजे मर्यादा तरी कळेल. पूर्ण मात्रा म्हणजे गळ्यापासून कमरेपर्यंत औषधात भिजवून वाळवलेला सदरा, पट्टीच्या चाळीसपट. मंगळवारी वरून समिती येणार, तिच्यासमोर एक कैदी तो तासभर घालून बसणार. कैदी नंबर सात.

शनिवारी भट्टीवाल्याने बाईंचा कोट उकळायला घेतला. भट्टीवर कपडा टाकण्याआधी खिसे उलटे करायचे असतात, नाहीतर एका पेनाने शंभर चादरी निळ्या होतात. बाईंच्या खिशात रुमाल निघाला, ओला. आणि घडी घातलेला कागद. कागद टाइप केलेला होता. कैदी क्रमांक सात. मृत्यूची तारीख, मंगळवारची. वेळ अकरा दहा. कारण, हृदय बंद पडून. खाली सह्यांसाठी तीन रेघा, मोकळ्या.

त्याने तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी वार कोणता आहे ते बोटांवर मोजून पाहिलं. शनिवारच होता. मग कागद पुन्हा घडी करून बनियनमध्ये घातला आणि आधी मेहुण्याकडे गेला. मेहुणा म्हणाला, टायपिंगची चूक असेल. आणि नसली तरी माघारीचा अर्ज प्रयोग पूर्ण झाल्यावरच मिळतो, त्याने चौकशी केली होती.

मग तो बाईंकडे गेला. कागद बघून त्या घळाघळा रडू लागल्या. त्या म्हणाल्या की मर्यादा कळायची तर कोणालातरी ती ओलांडावी लागते, आणि अकरा दहा अशासाठी की साडेअकराला समितीचं जेवण. आपल्याला झोप लागत नाही, त्या कैद्याचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. हे सगळं बोलता बोलता त्यांनी कागद त्याच्या हातातून घेतला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि फाइलला लावला.

साहेबांकडे तर त्याने सरळ सांगितलं की दुसरी भट्टी नाहीच, पट्ट्या पहिल्याच सोमवारी उकळल्या, औषध खळीत उतरलं आणि तुम्ही लिंबाचं कबूल केलंत ते त्यामुळेच. प्रयोगच फसलाय, थांबवा. साहेबांनी डोळ्यांना हात लावला.

"मला फार वाईट वाटतंय रे," ते म्हणाले. "पण दुसरी भट्टी नाही असं मी लिहिलं, तर तिला यंदा रंग दिला कोणी?"

भट्टीवाला परत आला आणि मोज्यांच्या चौथऱ्यावर बसला. औषध उत्तम होतं, यात वाद नाही. ज्याच्या ज्याच्या मानेला लागलं त्याला खरोखर वाईट वाटत होतं. फक्त वाईट वाटणं एका खोलीत होतं आणि कागद दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार कंपनीने बनवलेलं नव्हतं. मंगळवारी मेहुणा मरणार आणि सगळे मनापासून रडणार. आणि चार महिन्यांनी, नव्हे आता दोनच, जाळीपलीकडच्या बायकोला तोंड दाखवायचं होतं. त्याला.

सोमवारी सदरा आला, सीलबंद पुडक्यात. आणि फाटकावर अडकला.

नियम जुना होता, उवांच्या काळातला: बाहेरचं कुठलंही कापड भट्टीत उकळून शिक्का मारल्याशिवाय आत जाणार नाही. पट्ट्या औषध म्हणून आत आल्या होत्या, पण सदरा तो सदराच. त्याला बटणं होती. एरवी हवालदाराने दुर्लक्ष केलं असतं. पण तो आता क्रीमच्या बिस्किटांच्या आठवणीने होरपळलेला माणूस होता. कंपनीच्या माणसाने त्याला विनवलं, दम दिला, शेवटी वर फोन लावतो म्हणाला. हवालदार म्हणाला, लावा, मीही बोलतो, मला त्यांनाही काही सांगायचंय. कंपनीच्या माणसाची गाडी चुकत होती. पुडकं भट्टीवर आलं.

भट्टीवाल्याने सदरा एकटाच हंड्यात टाकला आणि तीन वेळा उकळला. पाण्याला हिरवट झाक आली. आयुष्यात पहिल्यांदा तो लांब काठीने ढवळत होता. सदरा वाळवला, इस्त्री केला, बटणं लावून पुडक्यात घातला, शिक्का मारला. मेहुण्याचा प्रश्न मिटला होता. उरलं होतं पाणी.

बादली घेऊन तो गटाराकडे गेलाही. फेकलं तर बेडकांना पश्चात्ताप होणार, आणि बेडकांनी कोणाचं काय केलं होतं? मागे समितीच्या खुर्च्यांचे अभ्रे पडले होते, पाठीचे आणि बैठकीचे, वर चिठ्ठी: "अतिशय कडक हवेत." त्यांच्याबरोबर सभागृहाचे तीस पडदे. तीस पडद्यांत विभागलं तर कोणाचं हृदय बंद पडणार नाही, असा त्याने हिशोब केला. त्याने खळ शिजायला टाकली. गरम पाणी फेकायचं नाही म्हणजे नाही.

मंगळवारी सभागृहात उकडत होतं. समितीचे तिघे खुर्च्यांत टेकून बसले, मधे अध्यक्ष, भरगच्च अंगाचे आणि भरपूर घामाचे. समोर स्टुलावर मेहुणा, सदरा घालून, छातीला वायरी लावून. भट्टीवाला पडदे सरळ करायच्या निमित्ताने दाराशी उभा होता. बरोबर अकराला बाईंनी घड्याळ लावलं आणि डोळे पुसले.

अकरा चारला विचारलं, काय वाटतंय. मेहुणा म्हणाला, कॉलर टोचतेय.

अकरा सातला डाव्या सदस्याने आपल्या भावाचं नाव घेतलं आणि तोंडावर हात दाबला. उजवा टेबलावर डोकं ठेवून काहीतरी जमिनीच्या सातबाऱ्याबद्दल पुटपुटू लागला. अध्यक्ष मात्र ताठ बसले होते. त्यांची मान लाल झाली, मग कान, मग ते हळूच उठून उभे राहिले.

"हा माणूस अकरा दहाला मरणार आहे," ते म्हणाले. "आम्हाला माहीत होतं. कागद शुक्रवारीच टाइप झाला. आम्ही याला मारलंय."

"साहेब, मी आहे अजून," मेहुणा म्हणाला.

"तेच तर," अध्यक्ष म्हणाले. "तुझ्याकडे बघवत नाही."

आता हे कागद फाडणार, असं भट्टीवाल्याला वाटलं, आणि क्षणभर अध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं. पण तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला मन मोकळं करायची एकच पद्धत येते. केलेलं पाप नाकारायचं नाही, मान्य करायचं, म्हणून त्यांनी पेन काढलं आणि सही केली. बाकी दोघांनी रडत रडत आपल्या रेघा भरल्या. साहेबांनी शिक्का मारला. डोळे भरल्यामुळे तो तिरका बसला. घड्याळात अकरा दहा झाले होते.

मेहुण्याने विचारलं की आता उठू का. बाईंनी घड्याळ बंद केलं.

खळीचा असर कपडा अंगावर असेपर्यंतच. समितीचे लोक गाडीत बसले, वाऱ्याने अंग वाळलं, आणि घरी पोचेपर्यंत त्यांना आपण भर सभागृहात काय काय बोललो हे नीट आठवू लागलं. बुधवारी हुकूम आला: प्रयोग झालाच नाही. डॉक्टरीणबाई आल्याच नव्हत्या, त्या सामान भरून गेल्या. सूट रद्द, कारण न झालेल्या प्रयोगाची सूट कसली. मृत्यूची नोंद मात्र राहिली. तिच्यावर तीन सह्या होत्या आणि ती वेगळ्या विभागाची होती.

गुरुवारी हजेरीला मेहुण्याचं नाव निघालं नाही. जेवणात त्याचं ताट नव्हतं. बराकीत त्याच्या जागी दुसरा आला. बाहेर सोडा म्हटलं तर मयताला सोडता येत नाही, आत ठेवा म्हटलं तर मयताला ठेवता येत नाही. तो साहेबांपुढे उभा राहिला तेव्हा साहेबांनी मान वर केली नाही. त्या आठवड्यापासून त्यांनी कपडे बाहेर धुवायला द्यायला सुरुवात केली होती.

शेवटी भट्टीवाल्याने त्याला चौथऱ्यावर नेऊन बसवलं. वहीप्रमाणे तिथे दुसरी भट्टी आहे, त्यामुळे तिथे माणूस असण्याचा संशय कोणाला येत नाही. हवालदाराने आपले मोजे मुकाट्याने उचलले. मेहुणा तिथे बसून गार पाण्यात कपडे वेगळे धुतो. पुढच्या पाहणीत अधिकाऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून "सुस्थितीत, किंचित आवाज करते" असा शेरा मारला. आवाज मेहुण्याचा होता. तो रोलरची योजना सांगत होता.

सुटकेला महिना उरला तेव्हा बायको भेटीला आली. भाऊ दिसला नाही म्हणून तिने बाराच्या बारा मिनिटं नवऱ्याकडे नुसतं बघितलं. त्याच संध्याकाळी भट्टीवाल्याने बत्तिसावा अर्ज लिहिला. मेहुण्याने तो वाचून एक वाक्य घातलं, कारण योजना आखणं हे त्याचं काम.

"प्रति, माननीय अधीक्षक. विषय: धुलाई भट्टी क्रमांक दोन भंगारात काढणेबाबत. महोदय, सविनय सादर करण्यात येते की सदर भट्टी वारंवार दुरुस्त होऊनही तिला आता घरची ओढ लागली असून ती कामास निकामी झाली आहे. तरी ती भंगारात काढून अर्जदाराच्या सुटकेच्या दिवशी अर्जदाराच्या ताब्यात देण्याची कृपा व्हावी. भट्टी स्वतःच्या पायांनी चालत फाटकाबाहेर येईल; वाहनाची, विशेषतः रोड रोलरची, आवश्यकता नाही."